ढेकळाच्या पोटातली ओल

मृगाचा पहिला हलका पाऊस होऊन गेला, तरी राहुरीकडच्या भारी काळ्या रानातला जाणता शेतकरी पेरणीची घाई करत नाही. तो नांगरलेल्या रानात शिरतो, एखादं ढेकूळ उचलतो आणि हाताने फोडतो. बाहेरचा थर काळाभोर, ओला, बोटांना चिकटणारा असतो. पोटात मात्र राखाडी, कोरडा गोळा तसाच असतो. पुढचा पाऊस झाला की ओलीचा थर आत सरकतो, कोरडा गोळा लहान होत जातो आणि पुरेशा पावसानंतर वरची ओल खालच्या ओलीला मिळते. ओल जुळली, असं मग म्हणतात. पाऊस किती मिलिमीटर झाला हा आकडा त्याला पुरत नाही. ओल कुठवर गेली, हे त्याला ढेकूळ फोडून पाहायचं असतं.

औषधं बनवणाऱ्यांच्या प्रयोगशाळांत गेली जवळपास तीस वर्षं असंच एक ढेकूळ फोडून पाहिलं जातं. ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, गोल, पारदर्शक, भिजलेल्या साबुदाण्यासारखं दिसतं. ते फोडतात तेही हाताने नाही, प्रकाशाने. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर एक चमकतं कडं उमटतं आणि त्याच्या मधोमध काळोखाचा गोळा असतो. काही मिनिटांनी कडं जाड होतं, गोळा लहान होतो. इथे आत सरकतं ते प्रथिन, आणि ज्यात सरकतं तो क्रोमॅटोग्राफीच्या रेझिनचा मणी.

दोन चित्रांतलं हे साम्य योगायोगाचं नाही. मण्याची वंशावळ मागे मागे शोधत गेलं, की ती मातीच्या ढेकळापाशीच पोचते.

आधी हा मणी काय करतो ते पाहू. इन्सुलिन असो, लस असो की कॅन्सरवरची प्रतिपिंडं असोत, ही औषधं जिवंत पेशींकडून बनवून घेतात. पेशी वाढवलेल्या द्रवात हवं ते एक प्रथिन असतं आणि नको असलेली असंख्य. हा द्रव मण्यांनी गच्च भरलेल्या उभ्या नळकांड्यातून सोडतात. मण्यांच्या अंगावर विद्युतभार असतो किंवा हवं तेच प्रथिन ओळखून धरणारे रेणू जोडलेले असतात. हवं ते प्रथिन अडकतं, बाकीचं वाहून जातं. नंतर पाण्यातलं मीठ किंवा आम्लता बदलली, की अडकलेलं प्रथिन सुटून शुद्ध रूपात बाहेर येतं. मणी आतून स्पंजासारखा सच्छिद्र असतो आणि धरून ठेवायची जवळपास सगळी जागा आतल्या भिंतींवर असते. म्हणून प्रथिन आत शिरलंच नाही, तर मण्याचा मोठा भाग वाया जातो. काही खास रेझिनांचा भाव लिटरला काही लाख रुपये असतो. कोरड्या राहिलेल्या पोटाची ही किंमत आहे.

आता मागे जाऊ. साल १८४५, इंग्लंडमधला यॉर्कशायर परगणा. एच. एस. थॉम्पसन या जमीनदाराला शेणखताच्या खड्ड्याची चिंता होती. खतातला अमोनिया उडून किंवा वाहून जातो, मग पिकाला मिळतं काय? यॉर्कमधल्या जोसेफ स्पेन्स या रसायन जाणणाऱ्या माणसाची मदत घेऊन त्याने नळीत माती भरली, वरून अमोनियम सल्फेट घातलं आणि पाणी ओतत राहिला. खालून अमोनिया बाहेर येईल, अशी अपेक्षा होती. बाहेर आलं ते बहुतांशी जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. मातीने अमोनिया धरून ठेवला होता आणि बदल्यात आपल्याकडचा कॅल्शियम सोडून दिला होता. थॉम्पसनने हे १८५०मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जे. थॉमस वे यांनी पुढचे कितीतरी प्रयोग मांडले. ही देवघेव मातीतली चिकणमाती करते आणि ती मोजून-मापून होते, जितका अमोनिया आत तितकाच चुना बाहेर, हे त्यांनी दाखवलं. वे यांची एक समजूत मात्र चुकली. हा सौदा उलटत नाही, असं त्यांना वाटलं. तो उलटतो, हे १८५८मध्ये जर्मनीत आइकहॉर्न यांनी दाखवून दिलं.

मातीने भरलेली ती नळी हा आजच्या क्रोमॅटोग्राफीच्या नळकांड्याचा पणजोबा म्हणावा लागेल. वरून मिश्रण ओतायचं, आतल्या कणांनी एक घटक धरायचा, दुसरा सोडायचा, आणि खाली काय उतरतं त्याचा हिशेब ठेवायचा.

राहुरी, श्रीरामपूर, नेवासा या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हा सौदा पुस्तकात वाचावा लागत नाही. प्रवरेवर भंडारदरा धरण १९२६मध्ये पूर्ण झालं, पुढे मुळा नदीवर बारागाव नांदूरला २६ टीएमसीचं धरण उभं राहिलं. कालव्यांचं पाणी आलं, ऊस आला आणि निचरा नसलेल्या भारी जमिनीत पाण्याबरोबर क्षारही वर आले. जिथे चिकणमातीच्या कणांवरची कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली, तिथे जमीन चोपण झाली. पाणी पडलं की ती चिखलासारखी विरघळते, वाळली की दगडासारखी होते, आणि पाणी आत मुरतच नाही. कालव्यांच्या मुलखातलं हे दुखणं जुनं आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास १९१०मध्ये छापला. नीरेकाठच्या पाडेगावला १९३२मध्ये ऊस संशोधन केंद्र सुरू झालं आणि तिथेही या जमिनींवर काम झालं. ते केंद्र आज १९६८ साली स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे.

चोपण जमिनीवरचा उपाय म्हणजे जिप्सम घालणं आणि चर काढून निचरा करणं. जिप्समचा कॅल्शियम मातीच्या कणांवर बसतो, सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपाने चरातून वाहून जातो. थॉम्पसनच्या नळीतून जिप्सम बाहेर पडलं होतं, आपल्या रानात तेच जिप्सम आत घातलं जातं. एकच सौदा, दोन दिशांनी. रेझिनवरून प्रथिन सोडवण्यासाठी मिठाचं पाणी सोडणारा कारखान्यातला तंत्रज्ञ हाच व्यवहार करतो.

या व्यवहारातून पहिला धंदा उभा राहिला तो पाण्याचा. मातीतल्या कणांसारखीच देवघेव करणारी खनिजं जर्मन रसायनतज्ज्ञ रॉबर्ट गान्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृत्रिमरीत्या बनवली आणि ती जड पाणी मऊ करायला वापरली. या पदार्थांचं नाव परम्युटिट. त्या नावाच्या ब्रिटिश कंपनीची भारतीय शाखा म्हणून १९६४मध्ये मुंबईत आयन एक्स्चेंज ही कंपनी सुरू झाली. कारखान्याच्या बॉयलरला जाणारं पाणी मऊ करणाऱ्या टाकीचं मूळ असं शेणखताच्या खड्ड्यात आहे.

गान्स यांच्याच सुमारास, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, वंशावळीत दुसरी शाखा येऊन मिळाली. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत पानांतले रंग वेगळे करू पाहत होते. नळीत खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी दाबून भरली आणि वरून पानांचा अर्क सोडला, तर हिरवे-पिवळे रंग वेगवेगळ्या उंचीवर पट्ट्यांनी उभे राहतात, हे त्यांनी १९०३मध्ये वॉर्सात मांडलं. १९०६मध्ये त्यांनी या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी, रंगलेखन, असं नाव दिलं. आपल्या काळ्या रानात सापडणाऱ्या चुनखडीचा मुख्य घटकही तोच. नळी मातीच्या माणसांकडून आली आणि पट्टे पाहायची नजर पानांच्या माणसाकडून.

खनिजाचे कण ठिसूळ असतात, आम्लात टिकत नाहीत. १९३५मध्ये इंग्लंडमधल्या टेडिंग्टनला ॲडम्स आणि होम्स यांनी फिनॉल व फॉर्माल्डिहाइडपासून देवघेव करणारं रेझिन बनवलं. पुढे अमेरिकेत डॅलेलिओ यांनी पॉलिस्टायरीनचं रेझिन तयार केलं, त्याचं पेटंट १९४४चं. इथून ढेकळाला गोल मण्याचा आकार मिळाला. त्याबरोबर एक नवा प्रश्नही आला. तोवर सगळे विचारत होते की कण किती धरतो. आता विचारलं जाऊ लागलं की धरायला वेळ किती लागतो आणि तो वेळ कुठे जातो. अणुबाँबच्या काळात अणुविखंडनातून निघालेली मूलद्रव्यं वेगळी करायची होती, तिथे हा प्रश्न तातडीचा होता. १९४७मध्ये बॉइड, ॲडमसन आणि मायर्स यांनी उत्तराची चौकट दिली. आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आधी मण्याभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून जातो आणि मग मण्याच्या पोटातून. यांतली जी वाट संथ, ती वेळ ठरवते.

प्रथिनांच्या बाबतीत ही दुसरी वाट फार संथ असते. सोडियमचा आयन म्हणजे बोळातून पळणारं पोर, तर प्रतिपिंड म्हणजे उसाने लादलेली बैलगाडी. तिचा आकार सुमारे दहा नॅनोमीटर. पॉलिस्टायरीनच्या जुन्या मण्यांत तिला शिरायला जागाच नव्हती. मोठ्या भोकांचे, पाण्याला जवळचे, प्रथिनाला इजा न करणारे मणी हवे होते. ते निसर्गातल्या तीन पदार्थांनी दिले आणि त्यांतले दोन आपल्या रानाशी थेट जोडलेले आहेत.

पहिला सेल्युलोज, म्हणजे कापसाचं द्रव्य. १९५६मध्ये अमेरिकेत पीटरसन आणि सोबर यांनी त्याच्यावर विद्युतभाराचे गट जोडून प्रथिनं वेगळी केली. दुसरा डेक्स्ट्रान. याची कथा साखर पट्ट्यातल्या माणसाने लक्ष देऊन ऐकावी अशी आहे. ऊस तोडून गव्हाणीत पडायला उशीर झाला, तो शिळा झाला, की ल्यूकोनोस्टॉक नावाचे जिवाणू साखर खाऊन बुळबुळीत चिकटा तयार करतात. तो म्हणजे डेक्स्ट्रान. रस घट्ट होतो, साखरेचे दाणे नीट पडत नाहीत, उतारा घटतो. याच पट्ट्यातल्या लोणी गावात १९५०-५१च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना धडधडू लागला. पुढे राहुरीतही कारखाना उभा राहिला. या सगळ्या पट्ट्यात डेक्स्ट्रान हा नुकसानीचाच शब्द आहे. स्वीडनमध्ये मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीटच्या साखरेच्या संदर्भात काम करताना उप्सालाच्या ग्रोनवॉल आणि इंगेलमन यांना या चिकट्यात उपयोग दिसला. रक्तस्राव झालेल्या रुग्णाला प्लाझ्माऐवजी देता येईल असा द्रव त्यांनी त्यातून बनवला. मग त्याच गावात पोराथ आणि फ्लोदिन यांनी डेक्स्ट्रानच्या साखळ्या एकमेकींत गुंफून फुगणारे मणी केले आणि १९५९मध्ये त्यांनी रेणू आकारानुसार वेगळे करता येतात हे दाखवलं. तिसरा पदार्थ समुद्री शेवाळातलं ॲगरोज. त्याचे मणी करायची रीत उप्सालाच्याच येर्तेन यांनी १९६४मध्ये दिली. आज औषधनिर्मितीत वापरले जाणारे कितीतरी मणी ॲगरोजचे असतात, साधारण नव्वद मायक्रॉन व्यासाचे.

मणी आला, नळकांडं आलं, कारखाने आले. पण पुढची तीस वर्षं मण्याच्या पोटात काय चाललंय, हे कुणी पाहिलं नव्हतं. नळकांड्यात किती प्रथिन घातलं, किती बाहेर पडलं, यावरून आतलं गणित मांडलं जाई. गणितं दोन प्रकारची होती. एकात प्रथिन भोकांतल्या पाण्यातून सरकतं आणि भिंत लागली की घट्ट चिकटतं. मग बाहेरचा थर पूर्ण भरल्याशिवाय पुढचं आत जात नाही आणि रिकामा गोळा हळूहळू आकसतो. दुसऱ्यात प्रथिन चिकटलेल्या अवस्थेतही पुढे सरकत राहतं, त्यामुळे कडेला दाट आणि मध्याकडे विरळ अशी उतरण तयार होते. अडचण अशी, की बाहेरच्या मोजमापांना पुष्कळदा दोन्ही गणितं लागू पडत. पावसाच्या आकड्यावरून ढेकळातली ओल सांगण्यासारखंच हे होतं.

ढेकूळ न फोडता कापायचं साधन एका वेगळ्याच कामासाठी जन्माला आलं होतं. मेंदूतल्या पेशींचं जाळं पाहताना वरच्या-खालच्या थरांचा धूसर प्रकाश चित्र बिघडवतो, म्हणून मार्विन मिन्स्की यांनी १९५७मध्ये एक युक्ती काढून पेटंटसाठी अर्ज केला. एका वेळी एकाच बिंदूवर प्रकाश टाकायचा आणि परत येणारा प्रकाश सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून घ्यायचा. नेमक्या त्या पातळीवरून आलेलाच प्रकाश छिद्रातून जातो, बाकीचा अडतो. बिंदू बिंदू जोडत पातळ काप मिळतो. ही कॉनफोकल सूक्ष्मदर्शी. लेझर आणि संगणक आल्यावर, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, ती जीवशास्त्रज्ञांच्या हाती रुळली.

१९९६मध्ये उप्सालाच्या अँडर्स युंगलोफ आणि रॉल्फ योर्थ यांनी ती रेझिनच्या मण्यावर रोखली. प्रथिनाला लेझरच्या प्रकाशात चमकणारा रंग जोडला, मणी त्यात भिजवले, ठरावीक वेळाने काही मणी काढून त्यांच्या बरोबर मधला काप पाहिला. जे इतकी वर्षं समीकरणात होतं, ते कडं डोळ्यांपुढे आलं. १९९९मध्ये लिंडेन, थॉमेस आणि सहकाऱ्यांनी दोन प्रथिनांना दोन वेगळे रंग देऊन एकाच मण्यातली त्यांची स्पर्धाही टिपली.

मग जे दिसत गेलं, त्याने जुने ठोकताळे बदलले. साध्या ॲगरोजच्या मण्यात बहुधा धारदार काठाचं कडं दिसतं आणि आत आकसणारा गोळा. पण त्याच ॲगरोजच्या भोकांत डेक्स्ट्रानच्या सैल साखळ्या जोडल्या, तर धार मावळते. प्रथिन साखळ्यांच्या जाळ्यातून पसरत, बऱ्याचदा अधिक वेगाने आत जातं. शिळ्या उसाचा जो चिकटा साखर कारखान्याची वाट अडवतो, तोच मण्याच्या पोटात वाट मोकळी करतो. दुसरं निरीक्षण २००३मधलं, डेलावेअर विद्यापीठातल्या एब्राहम लेनहॉफ यांच्या गटाचं. त्यांनी नळकांड्यात रचलेल्या मण्यांमध्ये लायसोझाइम हे प्रथिन शिरताना प्रत्यक्ष वेळेत पाहिलं. मीठ अगदी कमी असताना काठ धारदार होता. मीठ वाढवल्यावर काही रेझिनांत काठ पसरला आणि शिरण्याचा वेग लक्षणीय वाढला. यात केवळ विसरण, म्हणजे रेणूंचं आपोआप पसरणं, नाही, मण्याच्या आतल्या विद्युतक्षेत्राचाही हात असावा, असं त्यांनी मांडलं.

हे वाचताना चोपण रान आठवतं. क्वर्क आणि स्कोफील्ड यांनी १९५५मध्ये दाखवलं होतं, की सोडियम बसलेल्या जमिनीत किंचित क्षार असलेलं पाणी मुरतं, पण अगदी गोडं पाणी मातीचे कण फुगवून, सुटे करून वाटच बुजवतं. कारणं निराळी आहेत, एकाचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही. पण दोन्हीकडे धडा सारखा आहे. भारित भिंतींच्या अरुंद वाटेवर काय पुढे सरकेल, हे पाण्यातलं मीठ ठरवतं.

पाहण्यालाही मर्यादा आहेत, आणि त्या याच अभ्यासकांनी शोधून सांगितल्या. रंग जोडला की प्रथिन थोडं बदलतं. हुबूख आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये दाखवलं, की रंग लावलेलं आणि न लावलेलं प्रथिन मण्याला सारखंच चिकटेल असं गृहीत धरता येत नाही. म्हणजे पडद्यावरची काही नक्षी रंगाची असू शकते, प्रथिनाची नाही. शिवाय मण्यात खोलवरून येणारा प्रकाश वाटेत क्षीण होतो. व्हर्जिनिया विद्यापीठात जॉर्जिओ कार्टा यांच्या गटाने म्हणून रंगाशिवायची वाट धरली. प्रथिनाने भरलेला भाग प्रकाश थोडा जास्त वाकवतो, त्यामुळे आत सरकणारा काठ साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही रेषेसारखा ओळखता येतो.

हे पाहण्याचं मोल कारखान्यात कळतं. विसरणाचा नियम असा, की मण्याचा व्यास दुप्पट केला तर मध्यापर्यंत पोचायला चौपट वेळ लागतो. मणी लहान केले, तर त्यांच्यामधून द्रव ढकलायला दाब फार लागतो. प्रवाह वाढवला, तर पोट कोरडं राहतं. या कात्रीतून वाट काढायची, तर आत नेमकं काय होतं ते माहीत हवं. महाराष्ट्रात हा विचार माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत, झाला. प्रा. अरविंद लाली आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०००च्या सुमारास सेल्युलोजचे टणक, मोठ्या भोकांचे मणी घडवून त्यांची कामगिरी तपासली. प्रथिन सहज आत जावं आणि द्रवाचा प्रवाह वाढवला तरी धारणशक्ती ढळू नये, हाच त्यामागचा हेतू. राहुरीपासून काही तासांच्या अंतरावर, तेव्हाच्या औरंगाबादेत, वोक्हार्टने जनुकतंत्राने मानवी इन्सुलिन बनवून २००३मध्ये बाजारात आणलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सुरुवात १९६६मध्ये घोड्यांच्या रक्तातून मिळणाऱ्या प्रतिविषांनी झाली आणि २०१७मध्ये तिने कुत्रा चावल्यावर द्यायचं रेबीजविरोधी मोनोक्लोनल प्रतिपिंड आणलं. अशी प्रथिनं दवाखान्यात पोचण्याआधी शुद्ध व्हावी लागतात आणि त्या शुद्धीकरणाचा कणा क्रोमॅटोग्राफी आहे. मण्याचा वाया गेलेला प्रत्येक गाभा शेवटी औषधाच्या किमतीत धरला जातो. ती किंमत गावातल्या मधुमेही माणसाने मोजायची असते, म्हणून मला या चमकत्या कड्याची आस्था आहे.

मागोव्याच्या शेवटी नजर पुन्हा रानाकडे वळते. मातीचे अभ्यासक १९८०च्या दशकापासून, दवाखान्यातल्या सीटी स्कॅनसारखं यंत्र वापरून, ढेकूळ न फोडता त्यातल्या भेगा आणि पोकळ्या पाहू लागले आहेत. मातीच्या नळीतून जन्मलेल्या मण्याला पुढे जी शिस्त लागली, बाहेरच्या हिशेबावर न थांबता आतला काप पाहायची, ती मातीतही अशी रुजत होती. चोपण रानात जिप्सम पसरून चर काढल्यावर पहिला प्रश्न तोच असतो, की कॅल्शियम ढेकळाच्या पोटात पोचला का, की वरच्या थरातच अडकला? थॉम्पसनच्या नळीखाली साचलेल्या पाण्याने त्याला सांगितलं नव्हतं, की कोणता कण आतवर बदलला आणि कोणता फक्त सालीवर. ते कळायला दीडशे वर्षं आणि सुईच्या टोकाएवढं छिद्र लागलं. मृगाच्या पावसानंतर रानात वाकून ढेकूळ फोडणाऱ्या हाताला मात्र हे कधीपासून ठाऊक आहे, की वरून भिजलेलं दिसणं आणि आतून ओलं असणं यांत एका पेरणीचं अंतर असतं.